ड्रेक पॅसेज: जहाजाने की विमानाने? (बोट लागणाऱ्यांनी जरूर लिहा)

गाडीतली_खिडकी

नमस्कार मंडळी. पुढच्या मोसमात अंटार्क्टिकाला जायचं जवळजवळ पक्कं झालंय. जाणार मी आणि अहो. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी: मला बोट लागते. थोडीथोडकी नाही, धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये पाय ठेवला तरी पोटात ढवळायला लागतं.

पर्याय दोन आहेत. पहिला, अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज पकडायचं आणि ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायचा. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. दुसरा, चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरायचं आणि तिथे थांबलेल्या जहाजावर चढायचं. हा महाग पडतो, पण ड्रेक टळतो.

अहोंचं म्हणणं, विमानाने गेलो तर गेल्यासारखं वाटणार नाही. माझं म्हणणं, वाटून काय करायचंय, उलट्या मला होणार आहेत.

जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा. व्हिडिओ भरपूर बघून झाले. त्यात एक तर पाणी निपचित पडलेलं असतं, नाहीतर थेट प्रलय.

उंटावरचा_शहाणा

अहोंना जहाजाने पाठवा, तुम्ही विमानाने जा. किंग जॉर्ज बेटावर भेटा. संसार टिकेल. (हलके घ्या.)

पश्चिमवारा

दोन्ही व्हिडिओ खरे आहेत. जहाजावरची मंडळी त्यांना 'ड्रेक लेक' (तळ्यासारखा शांत) आणि 'ड्रेक शेक' (घुसळून काढणारा) म्हणतात. आपल्या वाट्याला कोणता येणार हे तिकीट काढताना ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. आम्हाला जाताना लेक मिळाला. लोक डेकवर पुस्तकं घेऊन बसले होते आणि "हाच का तो ड्रेक?" असं एकमेकांना विचारत होते. येताना त्याने सगळी कसर भरून काढली.

परतीच्या आदल्या संध्याकाळी कप्तानाने शांतपणे सांगितलं की कॅमेरे, चष्मे, बाटल्या, जे काही पडू शकतं ते आजच जमिनीवर ठेवा. तोवर कर्मचाऱ्यांनी जहाजाच्या बोळांमधल्या कठड्यांना दर चार पावलांवर कागदी पिशव्या खोचून टाकल्या होत्या. लाउंजमधल्या खुर्च्या साखळीने जमिनीतल्या कड्यांना अडकवल्या. जेवणाच्या टेबलांवरचे कपडे मुद्दाम ओले केले, ताटल्या घसरू नयेत म्हणून. एवढ्या निगुतीने चाललेली तयारी बघूनच निम्मे लोक केबिनमध्ये पळाले.

रात्री कपाटातले हँगर एका लयीत घासायला लागले. मग ड्रॉवर आपोआप उघडायचा, आपोआप मिटायचा. सगळ्यात विचित्र म्हणजे न्हाणीघरातला पडदा. तो भिंतीपासून हातभर लांब, हवेत तिरका उभा राहायचा आणि मग हळूच परत भिंतीला टेकायचा. जरा वेळ बघितल्यावर लक्षात येतं की पडदा सरळच आहे, तिरकी झालीय ती खोली.

एक सूचना मात्र जीव तोडून करतो. दाराच्या चौकटीला कधीही बोटं लावायची नाहीत. आधारासाठी हात आपसूक तिथेच जातो, आणि जहाज कललं की ते जड दार धाडकन मिटतं. एका हाताने कायम कठडा धरायचा, दोन्ही हातांत सामान घ्यायचंच नाही. आमच्या जहाजाच्या डॉक्टरकडे उलट्यांपेक्षा चिरडलेली बोटं जास्त आली होती.

झोपाळू

वाचूनच लागली मला. 🤢

निवृत्त_नाखवा

मी मालवाहू जहाजांवर आयुष्य काढलं, त्यामुळे पाहुण्यांच्या बडदास्तीबद्दल काही सांगू शकणार नाही. समुद्राबद्दल सांगतो.

पृथ्वीगोल घ्या आणि ५६ ते ६० दक्षिण अक्षांशाच्या पट्ट्यावरून बोट फिरवा. पूर्ण फेरी मारली तरी मोठी जमीन बोटाखाली येत नाही. वारा कायम पश्चिमेचा, आणि लाटेला अडवायला कोणी नाही. मग ही सगळी धाव दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधल्या साधारण ८०० किलोमीटरच्या फटीत येऊन दाटते. अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाहही इथूनच जातो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांच्या शंभरपटीहून जास्त पाणी तो वाहून नेतो. केप हॉर्नजवळ तळ उथळ होतो, तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात.

आता जहाजाचं बघा. तुम्ही दक्षिणेला निघालात आणि लाट पश्चिमेकडून येतेय, म्हणजे ती उजव्या कुशीवर बसणार. म्हणून रोलिंग, म्हणजे जहाज डावी-उजवीकडे कलणं. परतताना डावी कूस. फार झालं की कप्तान जहाजाचं तोंड लाटेकडे थोडं वळवतो. रोलिंग कमी होतं, पिचिंग (पुढचं-मागचं टोक वरखाली होणं) वाढतं, वेळही जास्त लागतो. शिवाय हवामानाचे नकाशे बघून तो कधी उशुआयाजवळच्या आडोशाच्या बीगल चॅनलमध्येच थांबून राहतो, कधी कमी दाबाचा पट्टा येण्याआधी निसटायचं म्हणून अंटार्क्टिकातून अर्धा दिवस आधी निघतो. प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत.

बर्फफोड्या जहाजांचं बूड गोलसर असतं, बर्फात दाबलं गेलं तर वर उचललं जावं म्हणून. पण गोल बुडाचं भांडं ओट्यावर ठेवलं की जसं डुलत राहतं, तशी ती मोकळ्या समुद्रात डुलतात. आत्ताच्या बहुतेक सफरी जहाजांना दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात, माशाच्या परांसारखे पाण्यात बाहेर येणारे. रोलिंग बरंच कमी करतात, पण जहाज वेगात असेल तरच, आणि बर्फ आला की ते आत घ्यावे लागतात.

ताई, तुम्हाला एवढंच सांगेन: केबिन खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या मधोमध घ्या. वरची बाल्कनीवाली महागडी केबिन म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त हेलकावे.

पश्चिमवारा

नाखवाकाका, +१. जोडीला एक: जहाज किती मोठं घ्यायचं यातही मेख आहे. मोठं कमी हलतं, पण पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांनी माणसं किनाऱ्यावर उतरवायचीच नाहीत असा नियम आहे. एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी. म्हणजे दोनशेचं जहाज असेल तर निम्मे खाली आणि निम्मे वर वाट बघत. छोट्या जहाजात पोट हलतं, पण किनाऱ्यावर पाय जास्त वेळ टेकतात.

गोळीवाली

मी डॉक्टर आहे, पण तुमची नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की खोली स्थिर आहे. या भांडणात पोट मरतं. म्हणून केबिनमध्ये मोबाइल बघत बसणं सगळ्यात वाईट. क्षितिज दिसेल अशा ठिकाणी बसा. तेही जमलं नाही तर आडवं व्हा आणि डोळे मिटा.

औषधं त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन या नेहमीच्या गोळ्या. प्रोमेथाझिनने झोप फार येते (काहींना तेच हवं असतं). स्कोपोलामिनचा पॅच कानामागे लावतात, निदान चार तास आधी, आणि तो तीन दिवस चालतो, म्हणजे एका पॅचमध्ये ड्रेक पार. पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो चालत नाही. तोंड कोरडं पडतं, जवळचं धूसर दिसतं. आणि पॅच लावल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि माणूस आरशात बघून हबकतो.

पोट रिकामं ठेवू नका. कोरडं, थोडंथोडं खात राहा. आलं काहींना उपयोगी पडतं. औषध कुठलंही असो, निघायच्या आधी घरी एकदा घेऊन बघा. कोणती गोळी आपल्याला गुंगवते हे ड्रेकच्या मध्यावर कळायला नको.

कोरडे_पाय

आता विमानवाल्यांची बाजू मांडते, कारण मी विमानाने जाऊन आले आणि मला कणभरही वाईट वाटत नाही.

उड्डाण दोनेक तासांचं. उतरल्यावर विमानतळ वगैरे काही नाही, खडीची धावपट्टी आणि वारा. बूट चढवून किनाऱ्यापर्यंत चालत जायचं, तिथून रबरी झोडियाक बोटीने जहाजावर.

पण विमानाने गेलं म्हणजे हवामानातून सुटका झाली असं समजू नका. किंग जॉर्जवर ढग खाली उतरले किंवा आडवा वारा सुटला की विमान जातच नाही. आम्हाला पहाटे उठवलं, गरम कपडे चढवून लॉबीत बसवलं, आणि मग सांगितलं की परत झोपा. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक दिवसांत उड्डाण झालं नाही तर सफर रद्द. ते कलम पैसे भरायच्या आधी वाचा. जहाज उशिरा का होईना, निघतं. विमान निघेलच असं नाही.

तर्कटराव

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. कशाने जावं हे विचारण्याआधी का जावं ते विचारा. २०२३-२४ च्या मोसमात लाखाहून जास्त लोक तिकडे गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज आहे की जहाजं आणि विमानांच्या काजळीमुळे दर प्रवाशामागे सुमारे ८३ टन बर्फ जास्त वितळतो. बर्फ काळवंडला की ऊन शोषतो, साधं गणित आहे. पेंग्विनला तुमचा फोटो नकोय.

उंटावरचा_शहाणा

तर्कटराव आले, धागा शंभरी गाठणार. 🍿

पश्चिमवारा

तर्कटराव, मुद्दा खोटा नाही. पण तिथे मोकाट रान आहे असंही नाही. जड इंधन तेल २०११ पासून त्या पाण्यात बंद आहे. सफरी चालवणाऱ्यांची संघटना, आयएएटीओ, १९९१ पासून नियम घालते. प्राण्यांपासून निदान पाच मीटर दूर राहायचं. उतरायच्या आदल्या दिवशी आम्हाला जॅकेट, बॅगा आणि व्हेलक्रो व्हॅक्यूमने साफ करायला लावले. माझ्या व्हेलक्रोत अडकलेली गवताची दोन कुसळं तिथल्या बाईंनी चिमट्याने काढली आणि मगच सही केली. प्रत्येक फेरीला बूट जंतुनाशकात बुडवायचे. बर्ड फ्लू तिकडे पोचल्यापासून तर जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही.

तर्कटराव

स्वतःचेच नियम, स्वतःच पाळणारे. बरं. आणि व्हेलक्रो साफ केल्याने काजळी कमी होते का?

पश्चिमवारा

नाही होत. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

घाबरट_नंबर_१

एक बाळबोध प्रश्न. ही जहाजं बुडत नाहीत ना?

निवृत्त_नाखवा

बुडलं आहे. एमएस एक्सप्लोरर, २३ नोव्हेंबर २००७, किंग जॉर्ज बेटाजवळ. रात्री बर्फाने बूड फाटलं. १५४ माणसं होती, सगळी वाचली. उघड्या होड्यांत काही तास कुडकुडत बसली, मग नॉर्डनॉर्गे हे दुसरं जहाज पोचलं आणि त्यांना उचललं. समुद्र त्या दिवशी बऱ्यापैकी शांत होता, हे नशीब.

१ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू झाला. आता तिकडे जाणाऱ्या जहाजांच्या जीवरक्षक होड्या पूर्ण किंवा अर्धवट तरी बंदिस्त असाव्याच लागतात. आणि एक कलम लोकांना माहीत नसतं: मदत यायला पाच दिवस लागतील असं धरूनच किमान तयारी ठेवावी लागते. तो प्रदेश किती एकटा आहे ते या एका आकड्यात समजतं.

बुडणं दुर्मीळ. इजा होणं तेवढं दुर्मीळ नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर उशुआयाकडे परतणाऱ्या एका मोठ्या, नव्याकोऱ्या जहाजाच्या खिडक्या एका लाटेने फोडल्या, त्यात एक प्रवासी दगावला. तेव्हा डेकवर जाऊ नका म्हटलं की जायचं नाही. आणि आजारी माणसाला तिथून बाहेर काढण्याचा विमा घ्या. बहुतेक जहाजं त्याशिवाय चढूच देत नाहीत.

जुनी_वही

नाखवाकाकांच्या प्रतिसादावरून आठवलं. १९१६ च्या एप्रिलमध्ये, जहाज बर्फात गमावल्यावर, ध्रुवशोधक शॅकल्टन आणि पाच जण 'जेम्स केअर्ड' नावाच्या जेमतेम सात मीटरच्या होडीतून एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जियाला निघाले. सुमारे ८०० सागरी मैल, तेही हिवाळ्याच्या तोंडावर, याच समुद्रात. वर्स्ली हा त्यांचा दिशादर्शक. त्याला अधूनमधूनच सूर्य दिसायचा. दोघे त्याला धरून ठेवायचे, तेव्हा कुठे सेक्स्टंटने कोन मोजता यायचा. सूर्याच्या स्थितीच्या तक्त्यांची वही भिजून पानं एकमेकांना चिकटलेली. साउथ जॉर्जिया हुकलं असतं तर पुढे हजारो मैल पाणी होतं. १० मे रोजी ते बेटाला लागले.

मागे राहिलेले बावीस जण उलट्या होड्यांखाली राहत होते. ३० ऑगस्टला चिलीच्या नौदलाच्या 'येल्चो' या छोट्या बोटीने त्यांना सोडवलं. तिचा कप्तान लुइस पार्दो. त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. त्या बोटीला बर्फासाठी वेगळी मजबुतीही नव्हती.

अवांतर: ज्याच्या नावाने हा पॅसेज, त्या इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने स्वतः तो ओलांडलाच नाही. १५७८ मध्ये तो मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आला आणि वादळाने त्याला दक्षिणेला ढकललं. केप हॉर्नला वळसा घालून पहिल्यांदा गेले ते डच, स्काउटेन आणि ल मेर, १६१६ मध्ये.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे ड्रेकनेही ड्रेक टाळला! खिडकीताई, इतिहास तुमच्या बाजूने आहे.

झोपाळू

हसून हसून पुरेवाट

उत्तरेचा_वारकरी

ध्रुवच बघायचा तर दक्षिणेचाच हट्ट का? नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जा. तिथल्या लाँगइअरबिन गावापर्यंत विमान जातं, जहाज बराच वेळ फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांत) असतं, पोटाला त्रास कमी. २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवासी असलेली जहाजं बंद झालीत आणि पांढऱ्या अस्वलापासून निदान तीनशे मीटर लांब राहावं लागतं, म्हणजे दुर्बीण चांगली हवी.

शांत पाणी म्हणजे धोका नाही असं मात्र नाही. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रीनलंडच्या आल्पफ्योर्डमध्ये २०६ माणसांचं एक सफरी जहाज गाळात रुतून बसलं. काही दिवसांनी दुसऱ्या जहाजाने भरतीची वेळ साधून ओढून काढलं.

गाडीतली_खिडकी

अस्वल नको, पेंग्विनच हवेत. 🙂 पण सगळ्यांचे खूप आभार. अहोंना धागा वाचायला दिलाय. ते शॅकल्टनपाशी अडकलेत आणि आता साउथ जॉर्जियाही करू म्हणतायत.

निवृत्त_नाखवा

त्यांना सांगा, साउथ जॉर्जियाहून अंटार्क्टिकाकडे येताना स्कोशिया समुद्रात लाट बरेचदा समोरून येते. त्यापुढे ड्रेक बरा म्हणायची पाळी येते.

पश्चिमवारा

खिडकीताई, अहोंच्या बाजूने एक प्रतिसाद लिहितोच. निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभा होतो. (बऱ्याच सफरी जहाजांवर प्रवाशांना ब्रिजवर येऊ देतात, फक्त बडबड करायची नाही.) तिथे एका पडद्यावर पाण्याचं तापमान दिसत होतं. सकाळपासून सहाच्या आसपास घुटमळणारा आकडा तीनेक तासांत दोनवर आला. तेवढ्यात धुकं उतरलं. फार थंड आणि कमी थंड पाण्याची ही सीमा, अंटार्क्टिक कन्व्हर्जन्स. रेषा कुठे दिसत नाही, पण तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं जीवजगत वेगळं. क्रिलची (कोळंबीसारखे बारके जीव) रेलचेल पलीकडे, म्हणून व्हेलही पलीकडे.

आणि भटक्या अल्बट्रॉस. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत. जहाजामागे तासचे तास राहतो आणि पंख हलवत नाही. लाटेच्या पोटात वारा मंद, वर जोरदार, या फरकावरच तो चढ-उतार करत राहतो. ज्या वाऱ्याने आपण आडवे होतो, त्याच वाऱ्यावर तो फुकट फिरत असतो. विमानात बसलात तर हे सगळं ढगाखाली राहतं.

कोरडे_पाय

छान लिहिलंय, पण एक विचारते. हे सगळं उभ्याने बघितलंत ना? ज्याला लागते तो ते दोन दिवस छत बघत असतो. त्याला कन्व्हर्जन्स काय आणि न्हाणीघर काय. "समुद्र ओलांडल्याशिवाय अंटार्क्टिका कळत नाही" हे ज्यांना बोट लागत नाही त्यांनीच ठरवून टाकलंय. विमानाने गेलेली मीही तिथे रडलेच होते, हिमनगाला काय कळतंय मी कुठून आले.

पश्चिमवारा

हे मान्य. मला लागत नाही, हे खरंच आहे.

गोळीवाली

दोघेही एक गोष्ट विसरताय. विमानाने गेलं तरी पुढचे सगळे दिवस जहाजातच काढायचे आहेत. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या जर्लाश सामुद्रधुनी, लमेर चॅनल वगैरे आडोशाला आहेत, तिथे पाणी बहुधा शांत. पण किंग जॉर्जवरून तिकडे जायला ब्रान्सफील्ड सामुद्रधुनी ओलांडावी लागते, ती कधीकधी चांगली हलवते. एक रात्रच, पण गोळ्या दोन्ही पर्यायांत लागणार. ड्रेकचीही पहिली रात्र बहुतेकांना सगळ्यात जड जाते, दुसऱ्या दिवसापासून शरीर सवय करून घेतं. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं. अजिबातच टिकत नसेल तर जहाजाचे डॉक्टर इंजेक्शन देतात.

उंटावरचा_शहाणा

इंजेक्शन कुठे देतात हेही लिहा, अहोंना तेवढंच बळ.

एक_वाटसरू

बऱ्याच कंपन्या एका बाजूने जहाज, एका बाजूने विमान असंही देतात. कोणी कसं सुचवलं नाही अजून? जाताना जहाज घ्या. उत्साह ताजा असतो आणि पुढे काहीतरी दिसणार असतं. परतीच्या ड्रेकमध्ये वाट बघण्यासारखं काही नसतं, फक्त घड्याळ असतं.

निवृत्त_नाखवा

हे उत्तम. तसंच करा. जाताना ड्रेक शांत लागला तर फुकटात शौर्य पदरी पडेल.

गाडीतली_खिडकी

वाटसरू, हे आम्हाला माहीतच नव्हतं. अहोंना दाखवलं, त्यांनी पाच मिनिटं विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हणाले. जाताना जहाज, येताना विमान. खालचा डेक, मधली केबिन. पॅचबद्दल डॉक्टरांची वेळ घेतली. उड्डाण रद्द झालं तर काय, ते कलमही मागवलंय.

आता एकच. पलंग जहाजाच्या लांबीच्या दिशेने बरा की आडवा?

निवृत्त_नाखवा

रोलिंगमध्ये आडव्या पलंगावर माणूस डोक्याकडून पायाकडे सरकत राहतो, लांबीच्या पलंगावर कडेवरून गडगडतो. मी लांबीचा घेईन. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवायचं, म्हणजे गादी भिंतीकडे उतरती होते आणि तुम्ही खोबणीत बसता. सगळे खलाशी हेच करतात. आणीबाणीच्या सरावाच्या भोंग्यापूर्वी तेवढं बाहेर काढून ठेवा.

झोपाळू

महिना कोणता धरलाय?

गाडीतली_खिडकी

तेच आता ठरवायचंय. नोव्हेंबर की फेब्रुवारी?

पश्चिमवारा

नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन घरट्यासाठी दगड चोरत असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल जास्त, पण पेंग्विनच्या वसाहतीत चिखल आणि वास. तो वास जॅकेटला आठवडाभर राहतो.

गाडीतली_खिडकी

वास म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नोव्हेंबर.